उजेड कमी आहे

"उजेडच कमी आहे ना गा, पोट्टं काय करीन?"

गल्लीतला नत्थू मागच्या पायरीवरून पुटपुटला. त्याच्या तोंडातल्या सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा वास ओळखीचा होता, म्हणून मी मागे वळून पाहिलं नाही. भर दुपार होती. नागपूरची फेब्रुवारी संपतासंपताची दुपार, तेव्हा स्टेडियमच्या सिमेंटच्या पायरीवर बसायला लोक घरून उशी घेऊन येतात आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात. मैदानावरची मुंगीसुद्धा त्या उन्हात सावली पाडत असेल. आणि समोर आमच्या गोलकीपरने, आमच्याच गल्लीतल्या रोहितने, डावीकडे फार देखणी झेप घेतली होती. बॉल उजवीकडून जाळ्यात गेला होता.

नत्थूचं म्हणणं कोणी खोडून काढलं नाही. उलट मनोहररावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, गॉगल कपाळावर चढवला, आभाळाकडे पाहिलं आणि सांगितलं की हो, सकाळपासून जरा ढगाळच वाटून राहिलं. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी माना हलवल्या. आभाळात ढग होता की नाही हे मी सांगत नाही. नागपूरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

आमच्या टीमचं नाव नागनदी एफ.सी. मालक चंद्रभानजी सिमेंटच्या पाइपांचे कारखानदार, वाडीला अमरावती रोडवर त्यांची गोदामं आहेत. नाव ठेवताना त्यांच्या डोळ्यापुढे नदी असणार. आम्ही त्या नदीच्या काठी राहतो, पुलावरून जाताना नाकाला पदर लावतो, त्यामुळे आमच्या डोळ्यापुढे काय आलं ते वेगळं. बाहेरगावचे प्रेक्षक आम्हाला नाला युनायटेड म्हणतात. ते म्हटलं की आमची गल्ली भांडायला उठते. टीम हरली की गल्लीतही तेच म्हणतात, पण ते आपल्या माणसांनी म्हटलेलं.

टीम देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खेळते. त्या पायरीवर टिकून राहणं एवढीच गेली दोन वर्षं आमची महत्त्वाकांक्षा. टीममध्ये गोव्याचे आहेत, मिझोरामचे आहेत, एक लांबच्या देशातून आलेला उंच मुलगा आहे, त्याला सारे सरपंच म्हणतात, कारण तो मैदानभर फिरतो आणि करत काही नाही. नागपूरचा म्हणावा असा एकटा रोहित. तुळजाबाईचा रोहित. पोस्टरवर त्याचा फोटो असतो, टीमच्या बसवर असतो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर विजेच्या खांबावर असतो आणि पावसाळ्यात त्याच्या नाकावर कबुतर बसतं.

हरायला कारणं लागतात, आणि कारणांच्या बाबतीत आमची गल्ली कधी गरीब नव्हती. कोचला सावजीचा तिखट रस्सा सोसला नाही, तेव्हापासून त्याचं चित्त ठिकाणावर नाही. जर्सीचा केशरी रंग उन्हात आपल्याच पोरांना भोवळ आणतो. स्टेडियमचं फाटक दक्षिणेला. रेफ्री जबलपूरचा. संध्याकाळी आमच्या ओट्यावर ही सगळी कारणं पानाच्या चंचीसारखी फिरायची, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. आणि सगळी वापरून झाली की शेवटी कोणीतरी हलक्या आवाजात ते वाक्य म्हणायचं. उजेड कमी आहे. मग मी चहाचं आधण ठेवायला उठायची.

या वाक्याचं सांगायला हवं. आमची गल्ली विणकरांची. आता बहुतेक घरांतले माग गेले, त्या जागी कोणाचं मोबाइलचं दुकान आहे, कोणाचं ब्यूटी पार्लर, माझं शिलाई मशीन आहे. पण मागाबरोबर आलेली बोलण्याची रीत राहिली. मागावर बसणाऱ्या माणसाचे डोळे लवकर जातात. लुगड्याच्या काठात एक तार इकडची तिकडे गेली की घेणाऱ्याला कळतं. पण "तुले दिसत नाही" असं विणकराला तोंडावर म्हणायचं नसतं. ते म्हणजे त्याच्या हातातला धोटा काढून घेणं. म्हणून आमच्या जुन्या माणसांनी एक सभ्य वाक्य ठेवलं होतं. घेणारा लुगडं उचलायचा, खिडकीपाशी न्यायचा, काठावरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, तुमच्याकडे उजेड कमी आहे वाटते. विणणाऱ्याने काय ते समजायचं, आणि पुढच्या महिन्यापासून नुसत्या सुताच्या कांड्या भरायच्या, काठ पोराला विणू द्यायचे.

रोहितचे वडील बाबूलालजी हे गल्लीतले शेवटचे चांगले विणकर. त्यांना लोकांनी हे वाक्य सांगितलं आणि त्यांनी ते समजून न घेता खरं मानलं. साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. त्यानेही काठ सुधारेना, तेव्हा दोनशेचा. मग मागाच्या दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्या घराचं कौतुक वाटायचं, रोज सत्यनारायण असल्यासारखं घर. गल्लीतले सारे किडे त्यांच्याकडे राहायला गेले होते. काठ मात्र चुकतच गेले. शेवटी एक दिवस बाबूलालजींनी बटण बंद केलं ते केलंच. माग विकला नाही. त्यावर आता गाद्या ठेवतात. ते ओट्यावर बसतात, मॅच असली की मोबाइल कानाला लावतात आणि आम्ही परत आलो की तेवढंच विचारतात, "किती?" जिंकलो का, हे त्यांनी विचारणं सोडलं होतं.

त्या घरात डोळे हा शब्द काढायचा नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे.

रोहित लहानपणी काहीही झेलायचा. वरच्या खिडकीतून पडलेली कांडी, कटलेला पतंग, तुळजाबाईने फेकलेलं लाटणं. गोलकीपर होण्यासाठी याहून चांगलं शिक्षण नाही. त्याने वाईट दिवसांतही टीमला वाचवलेलं मी पाहिलं आहे. पण मागल्या दोन वर्षांत काहीतरी झालं. काय झालं ते सगळ्यांना दिसलं, त्याला सोडून, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण त्यालाही ते कळत होतं.

माझ्या दुकानाच्या दारात ब्लाउज घालून एक पुतळी उभी असते. एका सकाळी रोहित प्रॅक्टिसला जाताना थांबला, तिला हात करून म्हणाला, "काकू, चहा झाला का?" मी आत मशीनवर होते. मी आतूनच म्हटलं, झाला ना बाबा. पुतळीच्या बाजूने बोलायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

मागच्या दिवाळीनंतर तो कुहीला मुलगी पाहायला गेला. हर्षा नाव, धानाची शेती असलेलं घर, मुलगी बी.एस्सी. आल्यावर तुळजाबाईने विचारलं कशी वाटली, तर म्हणाला छान आहे, हिरव्या साडीत होती. हिरव्या साडीत हर्षाची आई होती. हर्षाने पिवळा ड्रेस घातला होता, पोह्यांची बशी तिनेच त्याच्या हातात दिली होती. हे गल्लीत पसरायला संध्याकाळ झाली नाही. आणि कोणी हसलं नाही. मनोहररावांनी मान हलवून सांगितलं की कुहीला लोडशेडिंग फार. अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरला.

टीमने सगळ्या खेळाडूंची तपासणी करवली तेव्हाही तो निभावला. डोळे तपासायच्या रांगेत तो सगळ्यांत शेवटी उभा राहिला. पुढच्या साऱ्यांनी फळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली, याची ऐकून पाठ झाली. हे त्याने स्वतः नत्थूला सांगितलं, गंमत म्हणून. नत्थूने मनोहररावांना सांगितलं, गंमत म्हणून. मनोहररावांनी मला सांगितलं तोवर त्यातली गंमत संपली होती.

तो कानाने खेळायचा, आता लक्षात येतं. बुटाचा बॉलवर होणारा आवाज ऐकून झेप घ्यायचा. बाहेरगावच्या रिकाम्या मैदानांवर त्याने एक पेनल्टी अडवली, दोन मॅच बरोबरीत सोडवल्या. घरच्या मैदानावर मात्र आमची गल्ली ढोल घेऊन बसायची आणि नत्थू तो अशा जोराने बडवायचा की शेजारच्या हॉस्पिटलातून माणूस यायचा. आम्ही जितकं प्रेम करत होतो तितके गोल होत होते.

यावर एक सरळ उपाय होता. रोहितने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. आजकाल डोळ्यात घालायच्या काचा मिळतात, खेळणारी पोरं घालतात, माझ्या भाचीने तर लग्नात हौसेने हिरव्या घातल्या होत्या. पण त्यासाठी कोणीतरी आधी ते म्हणायला हवं होतं. सिझन संपला की रोहितचा टीमशी करार संपत होता. मिझोरामचा एक कोवळा कीपर बाकावर तयार बसलेला होता. आपल्या तोंडून शब्द निघाला आणि तो मालकाच्या कानावर गेला, तर पोराची जागा गेली, बसवरचा फोटो गेला, अक्षय तृतीयाही गेली कदाचित. आणि ओट्यावर बाबूलालजींच्या शेजारी आणखी एक जण येऊन बसला. त्या घराने एकदा बटण बंद करून पाहिलेलं आहे.

एका दुपारी तुळजाबाई ब्लाउजला काज करून घ्यायला आली. माझ्यापुढे बसून तिने सुईत दोरा ओवून दिला, मग दुसऱ्या सुईत ओवला, मग न लागणाऱ्या तिसऱ्या सुईत. म्हणाली, "त्याले ठेवतीन का वं टीमवाले?"

मी म्हटलं, "ठेवतीन ना. उजेडाचं काही झालं की ठेवतीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काजाकडे पाहिलं.

उजेडाचं झालं. आमच्या प्रेक्षक मंडळाचं शिष्टमंडळ टीमच्या मॅनेजरकडे गेलं. हा मॅनेजर केयूर, पुण्याचा मुलगा, हसरा, नम्र, प्रत्येक वाक्यात 'आपण' म्हणणारा. मनोहररावांनी त्याला सांगितलं की मैदानावर उजेड कमी आहे. केयूरने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ऊन होतं. पण त्याने ते मोठ्या मनाने घेतलं. प्रेक्षकांना संध्याकाळच्या मॅच हव्या आहेत, प्रेक्षक पुढचा विचार करत आहेत, असं त्याने लिहून घेतलं आणि चंद्रभानजींना कळवलं. चंद्रभानजींना खांब उभे करायची आवड आहेच. पंधरवड्यात मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार मनोरे उभे राहिले, प्रत्येकावर दिवे, आणि दिव्यांच्या खाली चंद्रभानजींचं नाव, तेही दिव्यांचं.

पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा स्टेडियममध्ये हाय असा आवाज झाला. गवताची पाती मोजता आली असती. मला बाबूलालजींची मागाची खोली आठवली. साठचा, शंभरचा, दोनशेचा.

त्या दिवशी आम्ही पाच गोलांनी हरलो.

 परतताना पुलावर आल्यावर, नाकाला रुमाल लावून, नत्थूच म्हणाला, "आता जास्तच झाला ना गा. डोळ्यावर येते त्याच्या." मनोहररावांनी हुंकार भरला. ओट्यावर बाबूलालजींनी विचारलं, किती. कोणीतरी म्हणालं, पाच. त्यांनी विचारलं, लाइट लागले होते ना. आम्ही म्हटलं, लागले होते. त्यांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला.

पण पाच गोल पोटात ठेवून झोपणं सोपं नसतं. राग कुठेतरी काढायला हवा होता, आणि जिथे काढायचा तिथे काढता येत नव्हता. म्हणून तो टीमवर निघाला. मंडळाची बैठक झाली, ठरलं की आता मॅचला जाणं बंद करू, आणि तशी धमकी देणारा मोठा फलक लावू. काय लिहायचं यावर खूप वाद झाला. कोणाला कोच हटवायचा होता, कोणाला मालक, एकाला फाटक. कीपरबद्दल लिहा असं एकानेही सुचवलं नाही. शेवटी मनोहरराव म्हणाले की कोणाचंच नाव नको, आपण आपलं सांगू. आणि त्यांनी सांगितलं ते मी कापून शिवलं. पांढऱ्या मांजरपाटावर काळ्या साटिनची अक्षरं, हातभर उंचीची.

आम्ही जाऊन राहिलो.

आता याचा अर्थ काय, हे आमच्याकडे कोणालाही विचारा. मी जेवून राहिली, म्हणजे घास हातात आहे. पोरगा येऊन राहिला, म्हणजे नाक्यावर पोचला. आम्ही जाऊन राहिलो, म्हणजे निघालोच, एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आहे, थांबवायचं असेल तर आत्ता थांबवा.

पुढच्या मॅचला फलक लावला आणि मॅच संपल्यावर केयूर पायऱ्या चढून थेट आमच्यापाशी आला. हरलेलो होतो. त्याचे डोळे भरून आले होते. मनोहरराव भांडायच्या तयारीने उभे राहिले, दुपट्टा वगैरे सावरून. केयूरने त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, काय ओळ लिहिली आहे आपण. आम्ही जाऊन राहिलो. म्हणजे सगळे गेले, आम्हीही गेलो, पण गेलो तरी इथेच राहिलो. हरत असताना. मला शब्दच सुचत नाहीत."

मनोहररावांना सुचत होते. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मी पाहिले. पण त्या मुलाचा चेहरा असा होता की त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, बरं बरं.

आठवड्याभरात ती ओळ टीमच्या बसवर आली. मग तिकिटांवर, मग टोप्यांवर, मग स्टेडियममध्ये मिळणाऱ्या मठ्ठ्याच्या ग्लासावर. अमरावती रोडला चंद्रभानजींच्या गोदामाच्या भिंतीवर ती इतकी मोठी रंगवली की ट्रकवाले पाहून हसायचे, अरे, जाऊन राहिले तर जा. आमच्या मंडळाला पुढच्या रांगेत पाठ असलेल्या खुर्च्या मिळाल्या, वर पत्र्याची सावली. पाठ टेकून बसल्यावर माणसाचा विचार बदलतो. अर्थ सांगावा की नाही यावर मंडळात पुन्हा बैठक झाली आणि असं ठरलं की बाहेरच्या माणसाला दुखवणं ही आपल्या नागपूरची रीत नाही. नत्थूचा ढोल आता ओळीच्या तालावर वाजू लागला. आधी रोहितने हात वर करून ओरडायचं, "आम्ही", मग साऱ्या स्टेडियमने, "जाऊन राहिलो", मग ढोल. त्याने हे छान जमवलं होतं. या खेळात समोरून काही येत नसे, सगळं कानाने व्हायचं.

टीम हरत राहिली. म्हणजे आमच्या अर्थाने हरून राहिली आणि केयूरच्या अर्थानेही.

शेवटची मॅच घरची होती. ती जिंकलो नाही तर खालची पायरी. आणि खालच्या पायरीवर बस नाही, तिकिटं नाहीत, चंद्रभानजी राहतील की नाही तेही नाही. या वेळी मंडळ खरंच चिडलं. खुर्च्यांची पाठसुद्धा टोचायला लागली होती. ठरलं की आता पुणेकरालाही कळेल असं लिहायचं, आणि ते काम माझ्यावर आलं. मी सातवीपुढे शाळेत गेले नाही. पुस्तकी मराठी मला वाचनालयाने शिकवली, आणि त्याआधी किराण्याच्या पुड्यांनी. कितीतरी गोष्टींचे शेवट तेलात गेले म्हणून मला अजून माहीत नाहीत. मी सरळ लिहिलं:

आम्ही जात आहोत.

हे रोहितला कळू द्यायचं नाही असं न ठरवताच सगळ्यांनी ठरवलं. दोन दुपारी मी अक्षरं शिवली. तो दारावरून जाताना मी कापड पायाखाली सरकवायची. तशी गरज नव्हती, पण सरकवायची.

त्या संध्याकाळी सारी गल्ली मैदानावर होती. तुळजाबाई बाबूलालजींना हाताला धरून घेऊन आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुहीहून हर्षा आणि तिचे वडील आले होते, होणाऱ्या जावयाला खेळताना पाहायला. त्यांना आमच्याच रांगेत खुर्च्या दिल्या. हर्षाने माझ्याजवळ बसून हळूच विचारलं की यांना एवढ्या उजेडात त्रास होत नसेल का हो काकू. पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, सवय असते.

चारही मनोरे पेटले होते. नत्थू आणि दोघं जण फलक घेऊन समोरच्या बाजूला गेले होते, गोलपोस्टच्या मागच्या कठड्याला बांधायला.

मॅचआधी निष्ठावान प्रेक्षकांचा सत्कार होता. आमचाच. मनोहररावांच्या गळ्यात हार पडला, हातात संत्र्याच्या आकाराचं मानचिन्ह आलं. मैदानाच्या आमच्या बाजूच्या कडेला केयूर माइक घेऊन उभा होता, फलकाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, आणि बोलता बोलता पुन्हा गहिवरत होता. म्हणाला की या शहराने मला निष्ठा म्हणजे काय ते शिकवलं. म्हणाला की ती एका ओळीत लिहिलेली आहे, आणि ती ओळ आज आपल्या नागपूरच्या सुपुत्राने वाचावी. त्याने रोहितला पुढे बोलावलं, माइक त्याच्या हातात दिला आणि स्वतः आमच्याकडेच पाहत, खांद्यावर हात ठेवून त्याला फलकाकडे वळवलं.

"ते बघ, समोर आहे. वाच, मोठ्यानं."

रोहितने पाहिलं. तो पाहत होता तेव्हा त्याचा चेहरा बरोबर त्या दिशेला होता, कपाळावर आठी नाही, डोळे बारीक केलेले नाहीत. हे त्याने किती दिवस आरशापुढे केलं असेल. तुळजाबाईने माझा हात धरला. मी तिचा धरला की तिने माझा, आठवत नाही.

त्याने मोकळा हात वर केला, हसला, आणि पूर्ण गळ्याने म्हणाला:

"आम्ही जाऊन राहिलो."

त्याने पुढच्या ढोलासाठी हात खाली आणला. ढोल वाजला नाही. नत्थू समोरच्या कठड्यापाशी, फलकाची दोरी हातात धरून उभा होता. स्टेडियमने त्याच्यामागे म्हटलं नाही. इतकी माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. केयूरने मागे वळून पाहिलं. एकदा वाचलं, मग पुन्हा, ओठ हलवत. मग त्याने रोहितकडे पाहिलं. आणि त्या मुलाला एका क्षणात दोन्ही गोष्टी कळल्या असाव्यात, आमची ओळ आणि आमचा कीपर, कारण त्याचा हात रोहितच्या खांद्यावरून सुटला आणि पुन्हा तिथेच गेला.

"रोहित," तो हळू म्हणाला, पण माइक चालू होता, "तिथे ते लिहिलेलं नाहीये."

बाबूलालजींनी मान वर केली. "काहून चूप झाले गा सारे? गोल झाला का?"

 मनोहरराव हार घातलेले तसेच उभे होते, मानचिन्ह छातीशी धरून. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, सवयीने. हर्षाचे वडील खुर्चीत पुढे सरकले. हर्षा मागे सरकली नाही, तेवढं मी पाहिलं.

मग तुळजाबाईने माझा हात सोडला आणि उठून उभी राहिली. ठेंगणी बाई, पण आवाज मागाच्या खडखडाटावर मात करून कमावलेला. तो मैदान ओलांडून गेला असेल.

"लाइटच बरोबर नाही, साहेब. उजेड कमी आहे. साऱ्यायले विचारा."

केयूरने वर पाहिलं. चारही मनोऱ्यांवर चंद्रभानजींचं नाव झळकत होतं. तुळजाबाई आमच्याकडे वळली, एकेकाच्या तोंडाकडे पाहत. मनोहररावांकडे, माझ्याकडे, दुपट्टा बांधलेल्या त्या साऱ्या माणसांकडे, ज्यांनी दोन वर्षं तेच म्हटलं होतं. आता फक्त एकदा म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. समोरची मीच शिवलेली अक्षरं इथूनही वाचता येत होती, आणि मी ते मिटलं.

रोहित आईच्या आवाजाच्या दिशेला वळला. ती कुठे उभी आहे हे त्याला बरोबर कळलं होतं. त्याने काखेत धरलेले ग्लोव्हज खाली गवतावर ठेवले, माइक दोन्ही हातांनी धरला.

"उजेड भरपूर आहे, माय," तो म्हणाला. "मलेच दिसून नाही राहिलं."